एक टक्क्याचा उजेड

खेडोपाडी वीज पोहोचण्याआधी रात्रीचा मोठा कार्यक्रम म्हटला की गॅसबत्ती आलीच. लग्नाची वरात असो, तमाशाचा फड असो की देवीचा गोंधळ, पंप मारून पेटवलेल्या पेट्रोमॅक्सच्या पांढऱ्याशुभ्र उजेडाशिवाय तो पार पडत नसे. या बत्तीत प्रत्यक्ष उजेड देई ते मॅन्टल, म्हणजे जाळीदार कापडाची एक छोटीशी पिशवी. कापड पहिल्याच पेटवणीत जळून जाई. मागे उरणारी जाळी राखेइतकी ठिसूळ असे. तिला बोट लागले तरी ती तुटे, पण हात न लावता ठेवली तर कितीतरी रात्री झगझगत राही. मग हा उजेड कशाचा? तो थोरियम ऑक्साइडच्या सांगाड्याचा आणि त्यात मिसळलेल्या जेमतेम एक टक्का सिरियम ऑक्साइडचा. हा एक टक्का नेमका हेरणारे शास्त्रज्ञ म्हणजे ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख.

आज त्यांची आठवण काढण्याला कारण आहे. पेरोव्हस्काइट नावाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांत दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचे थोडेसे अणू पेरून त्यांच्याकडून हवा तसा प्रकाश मिळवण्याचे प्रयत्न सध्या जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहेत. शुद्ध पदार्थात मोजूनमापून परका पदार्थ मिसळण्याच्या या क्रियेला डोपिंग म्हणतात. खेळाडूंच्या डोपिंगशी तिचा संबंध नाही. दुधाला विरजण लावावे तसा हा प्रकार आहे. विरजण चमचाभरच असते, पण पातेलेभर दुधाचा गुणधर्म बदलून जातो. आउअर यांच्या काळी डोपिंग हा शब्द या अर्थाने कोणी वापरत नव्हते. त्यांनी केले ते मात्र तेच होते.

जुळ्यांची ताटातूट

आउअर यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्नात झाला. वडील आलोइस आउअर हे शाही सरकारी मुद्रणालयाचे संचालक होते. त्यांच्या कामगिरीबद्दल सम्राटाने त्यांना सरदारकी दिली आणि आडनावाला फॉन वेल्सबाख ही जोड मिळाली. कार्ल अकरा वर्षांचेही नसताना वडील वारले. शाळा आणि थोडी लष्करी सेवा आटोपून ते रसायनशास्त्राकडे वळले आणि १८८० साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे शिकायला गेले. शाळेच्या प्रयोगशाळेतील बुन्सेन बर्नर आपल्या ओळखीचा आहे, तेच हे बुन्सेन. तापवलेल्या पदार्थाच्या प्रकाशातील रंगरेषा पाहून त्यातील मूलद्रव्य ओळखण्याची पद्धत त्यांनी गुस्टाव्ह किर्खहॉफ यांच्यासह विकसित केली होती. आउअर यांच्या हाती आयुष्यभराचे हत्यार आले ते इथेच. १८८२ साली पदवी घेऊन ते व्हिएन्नाला परतले आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम करू लागले.

त्यांनी विषय निवडला तो रसायनशास्त्रातला सर्वांत किचकट म्हणावा असा, दुर्मीळ मृदांचा. जुने रसायनशास्त्रज्ञ धातूंच्या न वितळणाऱ्या ऑक्साइडांना मृदा म्हणत, त्यावरून हे नाव पडले. ही मूलद्रव्ये तशी फार दुर्मीळ नाहीत. भूकवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतकेच आहे. अडचण वेगळीच आहे. रासायनिक वागणुकीत ही भावंडे इतकी सारखी की एकमेकांपासून सुटी करणे महाकठीण. स्वीडनचे मोसांडर यांनी १८४१ साली त्यांतले एक वेगळे काढले आणि लँथॅनमचे जुळे भावंड म्हणून त्याला डिडिमियम, म्हणजे जुळे, असे नाव दिले. चाळीसहून अधिक वर्षे ते एकच मूलद्रव्य मानले गेले, शंका मात्र अनेकांच्या मनात होती.

आउअर यांनी डिडिमियमचे अमोनियमबरोबरचे दुहेरी नायट्रेट क्षार बनवले. ते विरघळवायचे, थोडे स्फटिक जमू द्यायचे, स्फटिक आणि उरलेले द्रावण वेगळे करायचे आणि दोन्हींवर पुन्हा तीच क्रिया करायची. प्रत्येक फेरीत फरक पडे तो अगदी किंचित. महिनोन्महिने फेऱ्या झाल्यावर एका टोकाला हिरवे क्षार जमू लागले आणि दुसऱ्या टोकाला गुलाबी-जांभळे. दोघांच्या रंगरेषाही वेगळ्या होत्या. डिडिमियम खरोखरच जुळे निघाले. हिरव्याचे नाव पडले प्रेसिओडिमियम आणि दुसऱ्याचे निओडिमियम, म्हणजे नवे जुळे. जून १८८५ मध्ये सत्तावीस वर्षेही पूर्ण न झालेल्या या तरुणाने व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत हे जाहीर केले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. बुन्सेन यांनी मात्र शिष्याचे म्हणणे मान्य केले. डिडिमियमवर त्यांनी स्वतः काम केलेले असल्याने त्यांच्या शब्दाला वजन होते.

शुद्ध केले आणि उजेड गेला

त्याच वर्षी आउअर यांनी मॅन्टलचे पेटंट घेतले. कल्पना प्रयोगशाळेतच सुचली होती. दुर्मीळ मृदांच्या रंगरेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून ते क्षार ज्योतीत धरत, पण प्लॅटिनमच्या तारेवर मावणारा कण फारच छोटा असे. म्हणून त्यांनी सुती धागे क्षाराच्या द्रावणात बुडवून ज्योतीत धरले. सूत जळून गेले, पण ऑक्साइडचा सांगाडा सुताच्याच आकारात उभा राहिला आणि तेजाने चमकू लागला.

त्या काळी शहरांतले रस्ते आणि घरे गॅसच्या उघड्या ज्योतीने उजळत. तो उजेड पिवळट आणि मंद असे, त्यात काजळी आणि उष्णताच जास्त. शिवाय एडिसनच्या विजेच्या दिव्याने गॅसवाल्यांची झोप उडवलेली. अशा वेळी मॅन्टलला मागणी येणार हे उघड होते. पहिले मिश्रण मॅग्नेशियम, लँथॅनम आणि यट्रियम यांच्या ऑक्साइडांचे होते. व्हिएन्नाजवळ आट्सगेर्सडॉर्फ येथे १८८७ साली कारखाना सुरू झाला. पण या दिव्याचा उजेड हिरवट पडे, त्यात माणसांचे चेहरे आजारी दिसत. जाळीही लवकर तुटे. लोकांनी दिवा नाकारला आणि १८८९ साली कारखाना बंद पडला.

इथे बहुतेकांनी हात टेकले असते. आउअर यांनी बंद पडलेला कारखाना स्वतःच विकत घेतला आणि लुडविग हायटिंगर या सहकाऱ्याला घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता त्यांचे लक्ष थोरियमवर होते, कारण त्याचे ऑक्साइड प्रचंड तापमानालाही वितळत नाही. सुरुवातीच्या थोरियमने छान उजेड दिला. मग रसायनशास्त्रज्ञाच्या सवयीप्रमाणे त्यांनी ते अधिक शुद्ध केले आणि उजेड कमी झाला. आणखी शुद्ध केले, उजेड आणखी कमी झाला. अगदी शुद्ध थोरियमची जाळी तर ज्योतीत जेमतेम दिसेल इतकी मंद निघाली.

शुद्धीकरणावरच नाव मिळवलेल्या माणसाला हा निकाल पचवणे सोपे नव्हते. उजेड थोरियमचा नव्हताच, तर त्यात चुकून राहिलेल्या दुसऱ्या कशाचा तरी होता, असाच त्याचा अर्थ होता. तो दुसरा पदार्थ म्हणजे सिरियम. मग सुरू झाला प्रमाणाचा शोध. शुद्ध सिरियमची जाळीही मंदच निघाली. सिरियम जास्त झाले की उजेड पिवळट आणि कमी होई, अजिबात नसले तर जवळजवळ नाहीसाच होई. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड, या प्रमाणाला मात्र लख्ख पांढरा उजेड पडला.

असे का व्हावे? तापलेला पदार्थ दोन मार्गांनी ऊर्जा बाहेर टाकतो. डोळ्यांना दिसणारा प्रकाश हा एक मार्ग आणि न दिसणारी, नुसती ऊब देणारी अवरक्त किरणे हा दुसरा. थोरियम ऑक्साइड अवरक्त किरणे फार कमी टाकते, त्यामुळे ते ज्योतीत खूप तापते. पण दिसणारा प्रकाशही ते फारसा देत नाही. सिरियम दिसणारा प्रकाश देते. एक टक्का सिरियम असले की थोरियमची धग कायम राहते आणि तिच्यातली ऊर्जा प्रकाशाच्या वाटेने बाहेर पडते. त्याहून जास्त सिरियम जाळीला थंड करते.

४ नोव्हेंबर १८९१ रोजी व्हिएन्नातील एका कॅफेबाहेर हा दिवा पहिल्यांदा लावण्यात आला. त्यानंतर काही वर्षांतच तो देशोदेशी पोहोचला. हरत आलेल्या गॅस कंपन्यांना विजेशी झुंज द्यायला आणखी कित्येक वर्षे मिळाली.

त्रावणकोरची वाळू आणि ट्रॉम्बेचा कारखाना

या दिव्याचे धागे भारतापर्यंत येतात. मॅन्टलसाठी लागणारे थोरियम मोनाझाइट नावाच्या जड वाळूतून निघते. १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले. माग काढत तो आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील मनवलकुरिचीच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. युरोपातले दिवे उजळण्यासाठी आपली वाळू जहाजे भरून जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. ट्रॉम्बेला १९५५ साली सुरू झालेल्या थोरियम कारखान्यातून मॅन्टल बनवणाऱ्यांना थोरियम नायट्रेट पुरवले जाऊ लागले. म्हणजे वरातीतल्या बत्तीचा उजेड पुढे आपल्याच किनाऱ्यावरून येऊ लागला.

आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट इथे सांगायला हवी. थोरियम किरणोत्सारी आहे. मॅन्टलमधले त्याचे प्रमाण थोडे असते आणि पेटलेल्या बत्तीजवळ बसणाऱ्याला मिळणारी मात्रा अगदी अल्प असते. खरी काळजी घ्यायची ती तुटलेल्या मॅन्टलच्या भुकटीची, कारण श्वासावाटे किंवा हाताला लागून ती पोटात जाऊ नये. भुकटी फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, हात साबणाने धुवावेत आणि मुलांच्या हाती मॅन्टल देऊ नये. आपल्याकडे थोरियम मॅन्टल बनवणाऱ्यांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. अनेक देशांत थोरियमऐवजी किरणोत्सारी नसलेले यट्रियम वापरले जाते. ज्या यट्रियमचा आउअर यांचा पहिला दिवा फसला होता, ते असे परत आले.

टाकाऊतून ठिणगी

मॅन्टलने आउअर धनवान झाले, पण ते प्रयोगशाळेतून बाहेर पडले नाहीत. विजेच्या दिव्यावरही त्यांनी काम केले. कोळशाच्या तंतूऐवजी ऑस्मियम धातूचा तंतू वापरून त्यांनी व्यवहारात चाललेला पहिला धातुतंतूचा दिवा बनवला. ऑस्मियम दुर्मीळ आणि महाग असल्याने पुढे त्याची जागा वुल्फ्रॅम, म्हणजे टंगस्टनने घेतली. या दोन धातूंची नावे जोडून झालेले ऑस्राम हे नाव आजही बाजारात आहे.

मोनाझाइटमधून थोरियम काढल्यावर उरलेल्या दुर्मीळ मृदांचे ढीग साचत होते, त्यांना गिऱ्हाईक नव्हते. आउअर यांनी त्यांतून सिरियमयुक्त मिश्रधातू बनवला आणि त्यात ३० टक्के लोखंड घातले. घासला की ठिणग्या सोडणारा हा पदार्थ त्यांनी १९०३ साली पेटंट केला. सिगारेट लायटरमधला खडा तो हाच. ऑस्ट्रियातील ट्रायबाख येथे त्यांनी उभारलेला रासायनिक उद्योग त्यावर वाढला. १९०१ साली सम्राटाने त्यांना बॅरन केले.

रोहिणी आणि शर्मिष्ठा

उतारवयाकडे झुकताना ते पुन्हा जुन्या छंदाकडे वळले. मारिन्याक यांनी १८७८ साली शोधलेले यटर्बियमही एकच मूलद्रव्य नसावे, असे त्यांना वाटत होते. तेच जुने फेऱ्यांचे काम करून त्यांनी त्यातून दोन मूलद्रव्ये वेगळी केली. आकाशातल्या नावांवरून त्यांनी त्यांचे बारसे केले. अल्डेबरान, म्हणजे आपल्या रोहिणीवरून एकाचे आणि कॅसिओपिया, म्हणजे शर्मिष्ठेवरून दुसऱ्याचे. पण फ्रान्सचे जॉर्ज उर्बें यांनी १९०७ साली काही आठवडे आधी तेच जाहीर केले होते. वाद पेटला. १९०९ साली अणुभारांच्या आंतरराष्ट्रीय समितीने कौल उर्बें यांच्या बाजूने दिला, आणि खुद्द उर्बें त्या समितीचे सदस्य होते. यटर्बियम आणि ल्युटेशियम ही नावे रूढ झाली. जर्मन भाषक देशांत कॅसिओपियम हे नाव पुढे कित्येक वर्षे चालू राहिले, पण रोहिणी आणि शर्मिष्ठा दोघींनाही आवर्तसारणीत जागा मिळाली नाही.

४ ऑगस्ट १९२९ रोजी ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतातील आपल्या वेल्सबाख गढीत आउअर यांचे निधन झाले. १९५६ साली ऑस्ट्रियाने आपल्या २० शिलिंगच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

चिमूट तीच, स्फटिक नवा

आउअर यांनी सुटी केलेली मूलद्रव्ये आज आपल्या भोवती आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी ती डोपिंगच्याच रूपात काम करतात. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवल्यानंतर काही रुग्णांच्या भिंगामागचा पडदा काही काळाने गढूळ होतो. तेव्हा डॉक्टर याग लेझरने काही मिनिटांत तो मोकळा करतात. त्या लेझरमध्ये यट्रियम आणि ॲल्युमिनियमचा स्फटिक असतो, पण प्रकाश देते ते त्यात साधारण एक टक्क्याच्या आसपास पेरलेले निओडिमियम. घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यातही निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करून पांढरा उजेड घडवणारी भुकटी असते. तिच्यातही अशाच स्फटिकात थोडे सिरियम मिसळलेले असते.

आता नवा पाहुणा आहे पेरोव्हस्काइट. हे नाव मूळचे उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे. तशाच रचनेचे, पण सीझियम, शिसे आणि क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन यांचे सूक्ष्म स्फटिक २०१५ साली झुरिकच्या संशोधकांनी बनवून दाखवले. ते सुमारे दहा नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजारांश असतात आणि फार शुद्ध रंगाचा प्रकाश देतात. त्यांतल्या काही शिशाच्या अणूंच्या जागी दुर्मीळ मृदा मूलद्रव्याचे अणू बसवले की त्यांच्याकडून नवी कामे करून घेता येतात.

त्यांतले सर्वांत नवलाचे काम करते ते यटर्बियम, ज्याच्यावरून आउअर यांनी वाद गमावला तेच. सिलिकॉनच्या सौरपट्टीवर निळा किंवा जांभळा प्रकाशकण पडला तर त्यातली बरीच ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. चाळीस रुपयांच्या तिकिटाला शंभराची नोट द्यावी आणि सुटे परत मिळू नयेत, तसे. यटर्बियम पेरलेला पेरोव्हस्काइट ही नोट आधीच मोडून देतो. एक जास्त ऊर्जेचा कण घेऊन तो कमी ऊर्जेचे दोन अवरक्त कण सोडतो आणि ते दोन्ही सिलिकॉनला चालतात. शंभर कण आत गेले तर जवळजवळ दोनशे बाहेर पडल्याची नोंद प्रयोगशाळांत झाली आहे. एकूण ऊर्जा वाढत नाही, फक्त सुट्या रूपात मिळते. यटर्बियमवरचा विद्युतभार शिशापेक्षा जास्त असल्याने तीन शिशांच्या जागी दोन यटर्बियम बसतात आणि एक जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेच्या आजूबाजूचे दोन यटर्बियम ऊर्जा आपसांत वाटून घेतात, असे या क्षेत्रातले अभ्यासक मानतात.

हे स्फटिक अजून आपल्या छपरावर आलेले नाहीत, त्याची दोन मोठी कारणे आहेत. पाणी, हवा आणि उष्णता यांत ते टिकत नाहीत, आणि त्यांत शिसे आहे. शिसे शरीरात साचते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो. म्हणून शिशाऐवजी चांदी, इंडियम यांसारखे धातू वापरून तेच काम होते का, याचाही शोध चालू आहे. थोरियमच्या बाबतीत किरणोत्साराचा विचार मॅन्टल घरोघरी गेल्यानंतर झाला. या वेळी तो आधी होतो आहे, हे चांगले लक्षण आहे.

या संशोधकांच्या कामाची पद्धतही आउअर यांच्यासारखीच आहे. आधी पदार्थ होता होईल तितका शुद्ध करायचा, कारण आत काय आहे हे कळल्याशिवाय बाहेरून काय घातले त्याचा परिणाम कळत नाही. मग चिमूटभर मिसळून मोजायचे, प्रमाण बदलायचे, पुन्हा मोजायचे. आउअर यांच्या पहिल्या दिव्यापासून चांगल्या दिव्यापर्यंत सहा वर्षे आणि एक बुडालेला कारखाना लागला. पेरोव्हस्काइटचे हे सूक्ष्म स्फटिक हाती येऊन आत्ता कुठे दहा वर्षे झाली आहेत.